मातीतली चौकट

त्या रविवारी संध्याकाळी अंधेरीच्या चाळीचा जिना चढताना माझ्याजवळ एक वाक्य तयार होतं. बोरीवलीपासून मी ते घोळवत आलो होतो. सकाळी येतो असं सांगून न आलेल्या, मला दुपारपर्यंत ताडांच्या सावलीत बसवून ठेवणाऱ्या मित्राला ऐकवायचं म्हणून त्या वाक्याला जरा धार लावून ठेवली होती. दार उघडंच होतं. आत कोण आहे हे न पाहताच मी म्हणालो, "लेखकमहाशय, तो दगड इतकी शतकं थांबला, पण आज तोही कंटाळला." मग मला दिसलं, की खोलीतली खाट उभी करून भिंतीला लावली आहे, चटईवर पाचसहा माणसं बसली आहेत आणि कोपऱ्यात जमिनीवर एक पणती तेवते आहे. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. कुणी रागावलं नाही. सदानंदचे मेहुणे, म्हणजे सुमनवहिनींचे भाऊ, उठून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी मला परत बाहेर गॅलरीत नेलं आणि म्हणाले, "सकाळीच गेले. दुपारी सगळं आटोपलं. सुमन सारखी म्हणत होती, भावजी दगडापाशी बसले असतील, त्यांना कुणीतरी कळवा. पण तो दगड कुठे आहे हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं."

या गोष्टीला आता महिना उलटून गेला. पुरवणीच्या संपादकांनी सदानंद मिठबावकरवर काही लिहाल का, असं विचारलं तेव्हा मी हो म्हणालो, आणि नंतर कितीतरी दिवस कागदासमोर नुसता बसून राहिलो. मला अजून नीट समजलेलंच नाही. सदानंदला मी मेलेला पाहिला नाही. त्याला खांदा दिला नाही. तो गेला त्या सुमारास मी बोरीवली स्टेशनबाहेर दोघांसाठी केळी घेत होतो, आणि त्याला नेलं तेव्हा मी वाडीच्या मालकीणबाईंशी त्याच्याच उशिरा येण्यावरून हसत होतो. "तुमचा लिवनारा आज नाय आला?" फिलूमावशीने विचारलं होतं. "लिवनारे असेच," मी म्हणालो होतो. "येतो म्हणून सांगतात आणि उशीवर डोकं ठेवून बेत करत बसतात." मावशी हसली होती... माझ्यापुरता तो अजून यायचाच आहे. मन असल्या हट्टाला बसलं, की शिकलेपण काही कामाला येत नाही.

सदानंद मोठा नावाजलेला लेखक नव्हता, हे आधी सांगितलेलं बरं. फोर्टातल्या एका विमा कंपनीत तो नोकरीला होता. कथांची दोन पुस्तकं, एक अपुरी राहिलेली कादंबरी आणि दिवाळी अंकांतून विखुरलेल्या वीसपंचवीस गोष्टी, एवढंच त्याचं लेखन. बहुतेक सगळं इतिहासातलं. पण त्याच्या गोष्टींत राजे नव्हते. राजाचा घोडा धुणारा असे, तहाच्या बोलण्याला बसलेल्यांना पान वाढणारा असे, किल्ला पडला त्या दिवशी किल्ल्याखालच्या गावात जिची म्हैस व्याली ती बाई असे. वय बेचाळीस. मालवणजवळच्या खाडीकाठचं गाव. घरची तर होती, म्हणजे माणसांना खाडी ओलांडून नेणारी होडी. लहानपणी त्याने ती पुष्कळ वल्हवली होती. त्याचे खांदे अखेरपर्यंत कारकुनाचे वाटले नाहीत.

आमची ओळख झाली ती भांडणातून. बोरीवलीच्या शाळेत मी इतिहास शिकवतो. सुट्टीत ठाणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर वाचायला मी एका ग्रंथालयात जात असे, आणि मला हवा असलेला खंड रोज कुणीतरी आधीच घेऊन बसलेला असे. तिसऱ्या दिवशी मी त्या माणसासमोर जाऊन उभा राहिलो. तो खंड उघडा होता, पण हा गृहस्थ खिडकीबाहेर बघत होता. मी म्हणालो, "वाचत नसाल तर मला द्या." तो म्हणाला, "वाचतोच आहे. या पानावर लिहिलंय की अमुक गावातले कोळी एका वर्षी गाव सोडून गेले. पुढच्या ओळीत मिठागरांचं उत्पन्न. मधे काही नाही." मी म्हणालो, "मधे काय असणार? नोंद नसेल." त्यावर त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि मला बसायला जागा करून दिली. "तुम्ही मास्तर दिसता," तो म्हणाला. "नोंद नाही म्हणताना आवाज कसा खाली येतो तुमचा. अहो, नोंद नाही तिथेच तर माझं दुकान."

त्या दिवसापासून मी त्याचा मास्तर झालो. अहोजाहो महिनाभरात गेलं, मास्तर मात्र राहिलं. फार खूश असला की तो गावच्या बोलीत "मास्तरानु" म्हणे. आमच्यात एक करार झाला होता. इतिहासाची बाजू मी बघायची, गोष्टीची त्याने. एखाद्या गोष्टीचा खर्डा तो मला वाचून दाखवी आणि मी काळाच्या चुका काढत बसे. त्याची एक अट तो कधी मोडत नसे. जे खरोखर घडल्याचा पुरावा आहे, त्याच्या विरुद्ध एक अक्षरही गोष्टीत येता कामा नये. "पुराव्याला हात लावायचा नाही," तो म्हणे. "त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. शेजारी बसलं की तो बोलतो."

शेजारी बसणं म्हणजे काय, हे मला मिरचीच्या वेळी कळलं. यादवांच्या काळातली एक गोष्ट त्याने लिहिली होती. तिच्यात एक सासू सुनेवर रागावून पाट्यावर मिरच्या वाटते. सगळी गोष्ट त्या वाटण्याच्या आवाजावर उभी होती. फार सुंदर जमली होती. मी भीतभीतच म्हणालो, "सदानंद, यादवांच्या वेळी इथे मिरची नव्हती. ती पोर्तुगीजांबरोबर आली." त्याने पानं खाली ठेवली. सुमनवहिनी आतून म्हणाल्या, "मग तुमच्या यादवांना जेवायला वाढू तरी काय?" "मिरी," मी म्हणालो. "मिरी वाटताना असा आवाज येत नाही," सदानंद म्हणाला, आणि त्याने ती सगळी पानं माझ्यादेखत फाडली. मला अपराध्यासारखं झालं. मी उठलो तर हा हात धरून म्हणतो, "बस रे. मला सांग, पहिली मिरची इथे कुणी खाल्ली असेल? एखादी बाई असणार. परक्यांच्या स्वयंपाकघरात भांडी घासणारी. तांबडी शेंग बघून तिला वाटलं असेल काहीतरी गोड आहे. चावली. आता ती घरी जाऊन नवऱ्याला काय सांगेल?" पुढच्या रविवारी ती गोष्ट लिहून तयार होती. फाडलेल्या गोष्टीपेक्षा चांगली होती. एक खरी गोष्ट कळली, तिने एक खोटी गोष्ट मारली, आणि मेलेल्या गोष्टीच्या जागी दुसरी उगवली. संशोधनाने कल्पनेचे पंख कापले जातात असं म्हणणारे लेखक मला नंतर भेटले, तेव्हा मला ती बाई आठवे आणि हसू येई.

आता दगडाबद्दल सांगायला हवं. बोरीवलीच्या पश्चिमेला, स्टेशनपासून टांग्याने किंवा मळ्यांतून चालत गेलं की फिलूमावशीची वाडी लागते. बोरीवली यंदा मुंबईत घेतली म्हणतात, पण वाडीला त्याचा अजून पत्ता लागलेला नाही. ताड, केळी, चार वाफे वांग्यांचे, एक विहीर. विहिरीच्या पलीकडे, बांधाला लागून तो दगड उभा आहे. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाची आठवण म्हणून कोरून उभा केलेला दगड. त्याच्यावर एकावर एक अशा चौकटी कोरलेल्या असतात आणि त्यांतून त्या माणसाची गोष्ट सांगितलेली असते. मावशीच्या दगडाला आम्ही प्रथम गेलो तेव्हा शेळी बांधलेली होती. "दगड बगाला येता," मावशी म्हणाली, "पन माजी वांगी कदी इकत घेनार?" त्यानंतर दर वेळी आम्ही वांगी घेतली. सुमनवहिनींना त्या दगडाची पहिली ओळख झाली ती वांग्यांच्या रूपाने.

दगडावर आधी काहीच दिसत नव्हतं. झिजलेला, करडा, शेवाळाचे डाग. मी नाराज झालो. सदानंदने पिशवीतून एक तांब्या काढला, विहिरीवर जाऊन भरून आणला, आणि दगडाच्या माथ्यावरून हळूहळू पाणी सोडलं. एका हाताने ओतत होता आणि दुसऱ्या हाताने ते सगळीकडे पसरवत होता, लहान मूल न्हाऊ घालावं तसा. आणि बघता बघता दगड काळा झाला आणि त्यातून माणसं वर आली. हात, ढाली, कंबरपट्टे, एका बाईच्या कानातलं सुद्धा. "आधी पाणी," तो म्हणाला. "मग डोळे. लवकर वाच, मास्तर, वरून सुकत येतोय." खरंच, उन्हाने माथा आधी सुके आणि तिथली माणसं पुन्हा दगडात जात. मग पुन्हा तांब्या. पुढची चार वर्षं आमचे कितीतरी रविवार असे पाणी ओतण्यात गेले.

पहिल्या दिवशी आम्ही तो दगड वाचला. सगळ्यात वरच्या चौकटीत एक पुरुष शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला. तिच्याखालच्या चौकटीत त्याला दोन अप्सरांनी दंडाला धरून उचललेला. त्याच्या खाली तलवारींची लढाई. आणि त्याखाली माती. दगडाचा तळ जमिनीत गेलेला. आम्ही दोघंही जन्मभर पुस्तकं वाचलेली माणसं. पान जिथून सुरू होतं तिथून, म्हणजे वरून, आम्ही सुरुवात केली. मला, इतिहासाच्या मास्तरला सुद्धा, दुसरं काही सुचलं नाही. त्या वर्षीच्या दिवाळी अंकात त्याची गोष्ट आली. स्वर्गात पोचलेला एक माणूस. तिथे सगळं आहे, पण याचं मन लागत नाही, कारण खाली आपण काहीतरी अर्धवट टाकून आलो असं त्याला राहून राहून वाटतं, आणि काय ते आठवत नाही. तो देवाकडे हट्ट धरतो. शेवटी अप्सरा त्याला दंडाला धरून खाली आणतात आणि ज्या लढाईत तो पडला होता त्याच लढाईच्या मधोमध सोडतात... ती गोष्ट पुष्कळांना आवडली. मलाही आवडली.

पुढच्या वर्षी ठाण्याला एका वृद्ध संशोधकांचं व्याख्यान होतं. बोलता बोलता ते सहज म्हणाले, "वीरगळ नेहमी पायापासून वाचावा. खाली लढाई, मधे स्वर्गाला जाणं, वर देवाचं सान्निध्य." सभा सुटेपर्यंत मला धीर धरवेना. मी तडक अंधेरीला गेलो आणि दारातच सदानंदला सांगितलं, "आपण दगड उलटा वाचला." वाटलं, हा आता डोक्याला हात लावणार, गोष्ट छापून झाली होती, फाडायला आता पानंही हातात नव्हती. तो हातातला कप तसाच धरून बसला आणि मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. "म्हणजे अप्सरा त्याला वर नेत होत्या," तो म्हणाला, "आणि मी बिचाऱ्याला ओढून परत लढाईत आणलं."

"चूक झाली रे," मी म्हणालो.

"झाली ना. पण मास्तर, एक बघ. ज्या बाईने तो दगड उभा केला असेल, त्याची बायको म्हण, आई म्हण, ती कुठून वाचत असेल? दगड पुरून झाला, लोक घरी गेले, ती एकटी उभी आहे. तिला तो वर देवापाशी बसलेला आधी दिसतो. तो तिथे आहे हे सगळ्यांनी तिला सांगितलंय. मग ती डोळे खाली आणते. खाली, आणखी खाली. जिथे तो जिवंत आहे तिथपर्यंत." मग कप खाली ठेवून तो म्हणाला, "इतिहास खालून वाचतो. घरचं माणूस वरून वाचतं."

सुमनवहिनी दारात उभ्या होत्या. "मग तुमच्या चुकीची आता कादंबरी होणार," त्या म्हणाल्या. आणि तसंच झालं.

ती कादंबरी दोन वर्षं चालली होती. एका वल्हवणाऱ्याची गोष्ट. राजाच्या आरमारात पोट भरायला गेलेला खाडीकाठचा एक माणूस आणि त्याची गावी राहिलेली बायको. सदानंदचं अक्षर मुंग्या पळाव्यात तसं. त्याची सुवाच्य प्रत वहिनी करीत. प्रकरण लिहून झालं की तो त्यांच्यासमोर ठेवी, आणि पुढचं मात्र लिहून होईतो एक शब्द सांगत नसे. त्या पोळ्या लाटताना विचारीत, "निदान एवढं तरी सांगा, तो परत येतो का?" हा म्हणे, "मलाच कुठे ठाऊक आहे?" त्यांना ते सोंग वाटे. ते सोंग नव्हतं. मलाही त्याने कधी सांगितलं नाही.

शेवटच्या प्रकरणाआधीचं प्रकरण त्याने मला एकदा वाचून दाखवलं. होड्या पाण्यात आहेत आणि हा माणूस वल्ह्यावर बसला आहे. मी म्हणालो, समोर शत्रूची गलबतं बघून त्याला काय वाटतं ते लिही. सदानंद मोठ्याने हसला. "मास्तरानु, तुका होडी म्हायत नाय. वल्हवणाऱ्याची पाठ असते पुढे. तो जिकडे जातो तिकडे त्याला बघताच येत नाही. घरून निघाला की घर दिसत राहतं, पार ठिपका होईपर्यंत. परत येताना मात्र उलटं. सुटून आला ते सगळं समोर, आणि घर पाठीमागे. त्याला घर दिसत नाही. घराला तो दिसतो." हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. इतकी वर्षं इतिहास शिकवून, माणसं होडीत कशी बसली असतील हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

त्या कादंबरीचा शेवट अडला होता, आणि अडला होता तो दगडापाशी. मातीत गेलेल्या तळाशी आणखी एक चौकट असावी असा माझा अंदाज होता. मावशी म्हणे, तिच्या सासऱ्याने बांध घातला तेव्हा भर टाकली होती. सदानंदने मनाशी धरलं, की ती चौकट बघितल्याशिवाय शेवट लिहायचा नाही. मी त्याला समजावलं, "अरे, ती सुरुवातीची चौकट आहे. तिच्यावरून तुला शेवट कसा कळणार?" तो म्हणाला, "तुझी सुरुवातीची. मी वरून आलोय. माझ्या वाटेवर ती शेवटची आहे." मावशीने शेळी हलवायला आणि दगडाला धक्का न लावता माती काढायला परवानगी दिली. रविवार ठरला. आदल्या गुरुवारी मी त्याच्याकडे गेलो होतो, ती आमची शेवटची भेट. मी निघताना गॅलरीत उभा राहून तो खाली मला म्हणाला, "खुरपं तू आण रे. तांब्या मी आणतो." एवढंच. शेवटचं बोलणं म्हणून आठवावं असं त्यात काही नाही.

रविवारी सकाळी तो लवकर उठला. पिशवी त्याने स्वतः भरली. चहा झाला. दाराजवळच्या स्टुलावर बसून बूट घालत होता, आणि म्हणाला, "जरा पाणी दे गं." वहिनी माठापाशी गेल्या. "मी भांडं भरून वळले, भावजी," त्यांनी मला सांगितलं. "एवढंच. भरून वळले." त्याचं डोकं भिंतीला टेकलं होतं. एकाच पायात बूट होता. कधी छातीत दुखलं नव्हतं, धाप लागली नव्हती. डॉक्टर म्हणजे दाताचा, एवढाच त्याचा अनुभव. वहिनी हे सांगताना रडल्या नाहीत. भांडं भरायला किती वेळ लागतो याचाच जणू त्या हिशेब करीत होत्या आणि तो काही केल्या जमत नव्हता. मलाही जमत नाही. चार दिवसांपूर्वी शाळेत एका जुन्या बंदराविषयी वाचताना एक गमतीची गोष्ट सापडली, आणि मनाने ती बाजूला काढून ठेवली... सदानंदला सांगू.

पंधरा दिवसांनी प्रकाशक भेटायला आले. माणूस भला आहे. त्यांनी अकरा प्रकरणं वाचली होती. "शेवटचं तुम्ही लिहा," ते मला म्हणाले. "तुमच्याइतकं त्यांच्या मनातलं कुणाला ठाऊक आहे?" मी म्हणालो, मी आयुष्यात एकही गोष्ट रचलेली नाही. ते म्हणाले, विचार करा. ते गेल्यावर वहिनी माझ्यासमोर येऊन बसल्या. मग त्यांनी मला तेच विचारलं, जे त्या दोन वर्षं पोळपाटावरून विचारीत आल्या होत्या. फक्त आता विचारताना त्यांचे डोळे माझ्यावरून हलत नव्हते. "खरं सांगा, भावजी. तो परत येतो की नाही? तुम्हाला बोलले असतील. मला रागवायचं नाही. फक्त कळायला हवंय." त्या एका कल्पित वल्हवणाऱ्याबद्दल विचारत होत्या, हे मला समजत होतं. आणि फक्त त्याच्याबद्दल विचारत नव्हत्या, हेही. खोटं बोलून त्यांचं समाधान करणं सोपं होतं. पण ज्या माणसाने एका मिरचीसाठी चांगली गोष्ट फाडली, त्याच्या घरात बसून मला ते जमेना. मी म्हणालो, "मला नाही बोलला. तो दगडाला विचारणार होता."

त्यांनी खुंटीकडे पाहिलं. पिशवी तिथेच होती. त्या सकाळी कुणीतरी दाराजवळून उचलून तिथे अडकवली होती, आणि मग तिला कुणी हात लावला नव्हता. "मग आपण विचारू," त्या म्हणाल्या.

मागच्या रविवारी आम्ही गेलो. वहिनी, त्यांचे भाऊ आणि मी. फिलूमावशीला मी आधीच सांगून ठेवलं होतं. तिने वहिनींना पाहिलं आणि त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले. मग म्हणाली, "तुमी वांगी खाल्ली ना माजी? आता दगड बगा." शेळी दुसरीकडे बांधलेली होती. वहिनींचे भाऊ विहिरीच्या कठड्यावर बसले. मी खुरपं घेतलं. माती नरम होती, वर्षानुवर्षांचा पालापाचोळा कुजलेला. हातभर खाली गेल्यावर मी खुरपं टाकलं आणि नुसत्या हातांनी माती ओढू लागलो. वहिनीही बसल्या आणि ओढू लागल्या. दगडाचा तो भाग वरच्यापेक्षा कितीतरी चांगला राहिला होता. मातीनेच त्याला जपलं होतं.

मी पाणी आणायला उठलो तर वहिनी म्हणाल्या, "मी आणते." त्यांनी पिशवीतून तांब्या काढला. तो जरा काळवंडला होता. विहिरीवर जाऊन त्या भरून घेऊन आल्या आणि कुठून ओतायचं ते न विचारता त्यांनी थेट माथ्यावरून पाणी सोडलं. वरचा पुरुष हात जोडून पुढे आला. मग अप्सरा, मग तलवारी. वहिनींनी हे यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. फक्त अकरा प्रकरणं सुवाच्य अक्षरात उतरवून काढली होती. पाणी ओघळत खाली मातीच्या खड्ड्यात गेलं आणि तळाची चौकट उघडली.

होड्या होत्या. लांब, उंच टोकांच्या, एकामागून एक. प्रत्येकीत वल्हवणाऱ्यांची रांग आणि पाण्यात तिरपी गेलेली वल्ही. माणसं बोटाच्या पेराएवढी, पण वाकलेल्या खांद्यांचा जोर दिसत होता. मी ते खांदे कुठेतरी पाहिले होते.

"जाताहेत की येताहेत?" वहिनींनी विचारलं.

याचं उत्तर मला ठाऊक आहे. वर लढाई आहे, म्हणजे होड्या लढाईला निघाल्या आहेत. वीरगळ पायापासून वाचतात. वर्गात कुणी विचारलं असतं तर मी एका वाक्यात सांगितलं असतं. वहिनी दगडाच्या उजव्या बाजूला बसल्या होत्या, हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. मी दगडाकडे पाहिलं, आणि माझ्या लक्षात आलं, की एकूण एक वल्हवणाऱ्याची पाठ उजवीकडे आहे. ज्या बाजूला पाठ, त्या बाजूला होडी जाते. सगळ्या होड्या वहिनींच्याच बाजूला चालल्या होत्या, आणि त्यांतल्या एकाही माणसाला वहिनी दिसत नव्हत्या.

"तुम्ही कुठून वाचायला लागलात?" मी विचारलं.

"वरून."

"मग येताहेत," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग हातांची माती झटकत म्हणाल्या, "प्रकाशकांना सांगा, शेवटचं प्रकरण लिहायचं नाही. जेवढं आहे तेवढंच छापा. होड्या पाण्यात आहेत तिथे थांबू दे."

ऊन वर आलं होतं. दगड सुकायला लागला. आधी देवापाशी बसलेला पुरुष पुसट झाला, मग अप्सरा गेल्या. तलवारी गेल्या. तळाशी माती ओली होती, त्यामुळे होड्या शेवटपर्यंत राहिल्या, काळ्याभोर, वल्ह्यांसकट. आम्ही त्याही करड्या होईपर्यंत बघत राहिलो. मग वहिनींनी तांब्या माझ्या हातात दिला, आणि मी तो भरून आणायला विहिरीकडे गेलो.